चीनचे सत्ताकारण : वाचावे कसे?

२४ जानेवारी २०२६ रोजी चीनच्या संरक्षण मंत्रालयाने एक त्रोटक निवेदन प्रसिद्ध केले. मध्यवर्ती लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष जनरल झांग योशिया आणि त्याच आयोगाचे सदस्य जनरल ल्यू झेनली यांच्यावर शिस्तीच्या व कायद्याच्या गंभीर उल्लंघनाचा संशय असून त्यांची चौकशी सुरू झाली आहे, एवढाच त्याचा आशय. ऑक्टोबर २०२२ मध्ये सात जणांचा जो आयोग नेमला गेला होता, त्यांपैकी या निवेदनानंतर अध्यक्ष शी जिनपिंग आणि लष्करातील शिस्तपालनाचे काम पाहणारे झांग शेंगमिन असे दोघेच पदावर उरले. जगातील सर्वांत मोठ्या सैन्याच्या शिखरसंस्थेची सव्वातीन वर्षांत ही अवस्था व्हावी, ही घटना असाधारण आहे यात शंका नाही.

या घटनेच्या सहाच महिने आधी आपल्याकडे काय चालले होते, याची आठवण करणे उद्बोधक ठरेल. जुलै २०२५ मध्ये रिओ दी जानेरो येथील 'ब्रिक्स' परिषदेस शी जिनपिंग स्वतः गेले नाहीत. पंतप्रधान ली च्यांग यांना त्यांनी पाठवले. एवढ्या एका गैरहजेरीच्या सुतावरून आपल्याकडील काही वाहिन्यांनी आणि समाजमाध्यमांनी स्वर्ग गाठला. शी यांची सद्दी संपली, खरी सूत्रे जनरल झांग योशिया यांच्या हाती गेली, असे छातीठोकपणे सांगितले गेले. पुढे ३ सप्टेंबरच्या लष्करी संचलनात मानवंदना घेताना शीच दिसले. ऑक्टोबरात नऊ वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांची पक्षातून हकालपट्टी झाली. आणि ज्यांना पडद्यामागचे खरे सत्ताधीश ठरवले होते, ते झांगच जानेवारीत चौकशीच्या फेऱ्यात सापडले. सप्टेंबर २०२२ मध्येही असेच घडले होते. समरकंदच्या परिषदेहून परतलेले शी काही दिवस दिसले नाहीत, तेव्हा त्यांना नजरकैदेत टाकल्याची आवई उठली आणि ती सर्वाधिक जोमाने फिरली ती भारतात. २७ सप्टेंबरला ते एका प्रदर्शनात नेहमीप्रमाणे हिंडताना दिसले आणि आवई विरली. ती पसरविणाऱ्यांपैकी कोणी खुलासा केल्याचे मात्र फारसे दिसले नाही.

बंद दाराआडच्या राजकारणाबद्दल अंदाज चुकणे हा मोठा गुन्हा नव्हे. भल्याभल्या पंडितांचे चुकले आहेत. प्रश्न आहे तो अंदाज बांधण्याच्या रीतीचा. चीनचे शिखरावरील राजकारण सर्वस्वी अगम्य आहे असे नव्हे. ते वाचण्याची एक विद्या गेल्या सत्तर वर्षांत जगात सिद्ध झाली आहे. तिला भाषा लागते, चिकाटी लागते आणि 'पुरावा अपुरा आहे' असे म्हणण्याचे धैर्य लागते. ही विद्या अंगी न बाणवल्याची किंमत या देशाने एकदा मोजलेली आहे. ती पुन्हा मोजावी लागू नये, यासाठी हा विचार.

दूरचे भांडण नव्हे

बीजिंगमध्ये कोण चढला आणि कोण पडला याच्याशी मराठवाड्यातील शिक्षकाला, कारकुनाला किंवा विद्यार्थ्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान कामी आले आणि त्यानंतर चार वर्षे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली; ऑक्टोबर २०२४ मध्ये समझोता होऊन तणाव काहीसा सैल झाला. हा झाला सीमेचा प्रश्न. व्यापाराचे पाहावे, तर २०२४-२५ या आर्थिक वर्षात चीनशी असलेली आपली व्यापारी तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्ये आणि त्यांपासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या कारखानदारांची झोप उडाली. वाळूजसारख्या वाहन-उद्योगावर जगणाऱ्या वसाहतीला या निर्णयाची धग दूरची नव्हती. चुंबकाचा तुकडा हाताच्या मुठीत मावणारा. पण तो न आल्यास मोटार तयार होत नाही, आणि मोटारीवाचून गाडी बाहेर पडत नाही.

असे निर्णय जेथे होतात तेथे संसदीय चर्चा होत नाही, विरोधी पक्ष प्रश्न विचारीत नाही, आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीतून बातमी फुटत नाही. सुमारे दहा कोटी सभासदांचा पक्ष. त्याची २०२२ साली निवडलेली २०५ जणांची मध्यवर्ती समिती. तिच्यातून २४ जणांचा पॉलिट ब्यूरो. त्यातून सात जणांची स्थायी समिती. आणि त्या सातांच्या शिरोभागी एक व्यक्ती. या चिंचोळ्या होत गेलेल्या मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर काय चालते, याचा अंदाज बाहेर पडणाऱ्या खुणांवरूनच बांधावा लागतो. तो चुकला तर काय होते, हे १९६२ साली दिसून आले.

१९६२ चा धडा

१९६२ च्या पराभवाची चर्चा आपल्याकडे सामान्यतः बूट, बंदुका आणि सेनापती यांच्याभोवती फिरते. ती अनाठायी नाही. पण त्या पराभवाला आणखी एक बाजू होती आणि ती वाचनाची होती. १९५८ मध्ये माओंनी 'मोठी झेप' घेतली. त्या वर्षी ३७.५ कोटी टन धान्य पिकल्याचे जाहीर झाले. पुढल्याच वर्षी तो आकडा २५ कोटींवर आणावा लागला आणि प्रत्यक्ष उत्पादन २० कोटींच्या आसपास असल्याचे नंतर दिसून आले. या खोट्या आकड्यांवर सरकारने धान्याची वसुली केली आणि कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली. १९५९ च्या उन्हाळ्यात लुशान येथील बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी या धोरणावर टीका केली, तेव्हा त्यांनाच पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांच्या जागी लिन बियाओ आले. जानेवारी १९६२ मध्ये सात हजार कार्यकर्त्यांच्या परिषदेत ल्यू शाओची यांनी या संकटाचा मोठा वाटा निसर्गाचा नसून माणसांचा आहे असे सांगितले. खुद्द माओंना आत्मटीका करावी लागली.

याच वर्षी पक्षाच्या परराष्ट्र-संपर्क विभागाचे प्रमुख वांग जियाशियांग यांनी, देश खंगलेला असताना अमेरिका, रशिया आणि भारत यांच्याशी तणाव वाढवू नये, अशी सूचना वरिष्ठांपुढे मांडली होती. म्हणजे भारताशी कसे वागावे यावर बीजिंगच्या शिखरावर मतभेद होते. ऑगस्ट-सप्टेंबरात वारा फिरला. माओंनी वर्गसंघर्षाचा नारा पुन्हा दिला, दहाव्या पूर्ण बैठकीत आपली पकड घट्ट केली, आणि वांग यांची सूचना शरणागतीची म्हणून धिक्कारली गेली. ती बैठक २७ सप्टेंबरला संपली. २० ऑक्टोबरला हल्ला झाला.

या युद्धाला तिबेटचा प्रश्न, सीमेवरील ठाणी आणि इतर अनेक कारणे होती. ते केवळ पक्षांतर्गत भांडणातून उद्भवले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण आपल्याकडे त्या वेळी जो समज रूढ होता तो असा की, आपण ठाणी पुढे नेली तरी चीन बळाचा वापर करणार नाही. गुप्तवार्ता विभागाचे संचालक बी. एन. मलिक यांच्या अंदाजाचा सूरही तसाच होता, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ठरलेले पुढे सरकण्याचे धोरण त्यावर विसंबले. उपासमारीने दुर्बळ झालेला देश लढणार नाही, हे अनुमान वरकरणी तर्कशुद्ध होते. त्यात एक गोष्ट सुटली होती. दुर्बळ झालेला देश आणि आपल्याच पक्षात कोंडीत सापडलेला नेता यांची गणिते एकसारखी नसतात.

या प्रकरणाशी महाराष्ट्राचा संबंध आहे. कृष्ण मेनन गेले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याला पाठ आहे. परंतु यशवंतरावांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत जे निवेदन केले ते आपण विसरलो. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केलेल्या चौकशीचे सार सांगताना त्यांनी स्पष्ट म्हटले, की माहिती गोळा करण्याचे काम समाधानकारक नव्हते, आणि मिळालेल्या माहितीचा अर्थ लावण्यातही उणीव होती. एका मराठी मंत्र्याने देशाच्या संसदेत दिलेली ही कबुली आहे. शौर्याच्या वाक्याइतकीच ती पाठ असावयास हवी होती.

खुणा वाचण्याची विद्या

मग या बंद घराचे वाचन करतात तरी कसे? जुन्या पिढीतील अभ्यासकांचे उदाहरण घ्यावे. हंगेरीत जन्मलेले फादर लास्लो लादानी हे जेझुइट धर्मगुरू १९५३ पासून १९८२ पर्यंत हाँगकाँगमध्ये बसून 'चायना न्यूज अनॅलिसिस' नावाचे छोटे पत्र चालवीत. त्यांचा आधार म्हणजे प्रामुख्याने चीनची स्वतःची वृत्तपत्रे आणि आकाशवाणी. रोजच्या कंटाळवाण्या मजकुरातून ते नेमक्या बदलांवर बोट ठेवीत. एखाद्या नेत्याच्या नावाआधीचे विशेषण गळाले, छायाचित्रातील क्रम बदलला, एखादी घोषणा अग्रलेखातून नाहीशी झाली, की त्याची ते नोंद घेत.

सरकारी कचेरीत ज्याची हयात गेली त्याला ही विद्या परकी वाटू नये. परिपत्रकात काय लिहिले आहे याइतकेच काय गाळले आहे याला महत्त्व असते. निमंत्रणपत्रिकेवरील नावांचा क्रम उगाच ठरत नाही. आणि 'योग्य ती कार्यवाही करावी' व 'तात्काळ कार्यवाही करावी' या दोन शेऱ्यांतील अंतर अनुभवी कारकुनाला चांगले ठाऊक असते. चीनच्या अभ्यासकाचे कौशल्य जातीने हेच आहे. त्याची फाईल तेवढी मोठी आहे.

लिन बियाओ यांचे प्रकरण या विद्येचा नमुना म्हणून सांगता येईल. १९६९ च्या पक्षघटनेत माओंचे वारस म्हणून त्यांचे नावच लिहिले गेले होते. सप्टेंबर १९७१ मध्ये चीनवरील विमानवाहतूक अचानक थांबली. १ ऑक्टोबरचे राष्ट्रीय दिनाचे संचलन रद्द झाले. लिन यांचे नाव वृत्तपत्रांतून दिसेनासे झाले. काय घडले ते सरकारने सांगितले नव्हते. पण काहीतरी मोठे घडले आहे आणि ते लिन यांच्याशी संबंधित आहे, एवढे अनुमान खुणांवरून बांधता येत होते. १३ सप्टेंबरला लिन यांचे विमान मंगोलियात कोसळून ते मरण पावल्याचे चीनने बाहेरच्या जगाला दुसऱ्या वर्षी सांगितले. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. संचलन रद्द होणे ही एक खूण होती. तिला दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेची साथ मिळाली, तेव्हा अनुमान उभे राहिले. 'ब्रिक्स'ची गैरहजेरी ही एकटी खूण होती. साथीच्या खुणा विरुद्ध दिशेने बोट दाखवीत होत्या. पक्षाच्या मुखपत्रात शी यांचे स्थान ढळले नव्हते, आणि लष्करावरचे पक्षाचे नियंत्रण ही घोषणाही बदलली नव्हती.

कधी कधी खूण राजकारणाच्या पानावर नव्हे, तर कलेच्या पानावर उमटते. १० नोव्हेंबर १९६५ रोजी शांघायच्या एका दैनिकात याओ वेनयुआन यांचा एक नाट्यविषयक लेख आला. विषय होता इतिहासकार वू हान यांचे 'हाय रुईची बडतर्फी' हे मिंग काळातील एका प्रामाणिक अधिकाऱ्यावरचे नाटक. बादशहाला खरे सांगणारा हा अधिकारी म्हणजे बडतर्फ झालेले पेंग देहुआई, असा त्या नाटकाचा अर्थ लावण्यात आला. वू हान बीजिंगचे उपमहापौर होते; त्यांच्यामागोमाग महापौर पेंग झेन गेले, आणि अखेरीस राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओची यांचा बळी गेला. दहा वर्षे चाललेल्या सांस्कृतिक क्रांतीचे पहिले पाऊल म्हणजे एका नाटकावरील टीकालेख होता. मराठी वाचकाला हे समजणे अवघड जाऊ नये. १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले तेव्हा ते नाना फडणविसांविषयी बोलते की वर्तमानाविषयी, या प्रश्नावरून आपल्याकडे केवढे वादळ उठले होते!

आकड्यांचा पडताळा

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या विद्येचे तर्कशास्त्र ओळखीचे वाटेल. जेथे सरकारी आकडा विश्वासार्ह नसतो, तेथे आपण दुसरी मोजमापे शोधतो. ली कच्यांग हे २००७ साली ल्याओनिंग प्रांताचे पक्षसचिव होते. पुढे ते देशाचे पंतप्रधान झाले. प्रांताच्या उत्पन्नाचा आकडा मानवनिर्मित असतो, म्हणून आपण विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जे हे तीन आकडे पाहतो, असे त्यांनी अमेरिकी राजदूतांना सांगितल्याचे २०१० मध्ये फुटलेल्या कागदपत्रांतून उघड झाले. विजेचे मीटर सभेतल्या भाषणाने फिरत नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व.

राजकारणातही मीटर शोधावे लागतात. कोणाची कोठे नेमणूक झाली, कोणत्या बैठकीला कोण हजर होते, घटनेत कोणता शब्द आला, हे झाले मीटर. ११ मार्च २०१८ रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन मुदतींची मर्यादा उठली. बाजूने २,९५८ आणि विरोधात अवघी २ मते पडली. या आकड्यावरून लोकप्रतिनिधींचे मत कळत नाही. पण निर्णय आधीच झालेला होता, हे कळते. आकडा गप्प होणे हीदेखील माहितीच असते. जून २०२३ मध्ये शहरी युवकांतील बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली आणि ऑगस्टमध्ये तो आकडा प्रसिद्ध करणेच थांबले. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांना वगळून केलेली नवी मोजणी पुढे आली. मौनाने सांगितले ते कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलके होते.

तीन सापळे

या वाचनात तीन सापळे आहेत आणि आपण तिन्हींत अडकतो.

पहिला सापळा आरशाचा. आपण चीनकडे पाहतो आणि आपलेच राजकारण तेथे शोधतो. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात पक्ष फुटला, सरकार पडले. त्यानंतर तीनच महिन्यांनी बीजिंगमधील बंडाची आवई आली, तेव्हा ती खरी वाटण्यास आपल्या मनाची भूमी तयारच होती. पण तेथे आमदार फोडून विश्वासदर्शक ठराव जिंकावयाचा नसतो. तेथे सत्तेच्या किल्ल्या तीन ठिकाणी असतात : पक्षाची यंत्रणा, सैन्य आणि नेत्यांच्या संरक्षणाचे दल. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी माओंच्या पत्नीसह 'चौकडी'ला अटक झाली ती हुआ ग्वोफंग, मार्शल ये जियानयिंग आणि रक्षकदलाचे प्रमुख वांग डोंगशिंग यांनी मिळून. म्हणजे तेथे बंड होतच नाही असे नव्हे. ते होते तेव्हा या किल्ल्या ज्यांच्या कमरेला असतात तेच ते करतात. अफवेची पहिली परीक्षा येथेच घ्यावी : किल्ल्या कोणाकडे आहेत?

दुसरा सापळा गटांचा. अमका शांघाय गटाचा, तमका युवक संघटनेचा, असे तक्ते मांडले की सारे कोडे सुटल्यासारखे वाटते. २०२२ च्या अधिवेशनाआधी वांग यांग किंवा हू चुनह्वा पंतप्रधान होतील असे पुष्कळांचे भाकीत होते. वांग मध्यवर्ती समितीतूनच बाहेर गेले, हू पॉलिट ब्यूरोतून खाली आले, आणि पद मिळाले ली च्यांग यांना. झांग योशिया यांचेच पाहा. त्यांचे वडील आणि शी यांचे वडील १९४७ च्या सुमारास वायव्य आघाडीवर बरोबरीने लढलेले. कोणत्याही तक्त्यात झांग हे शी यांचे निकटवर्तीय म्हणूनच दाखवले जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये हकालपट्टी झालेले हे वेइडोंग आणि मियाओ हुआ यांचीही बढती शी यांच्याच कारकिर्दीत झाली होती. नातेसंबंध कोण वर चढेल हे काही अंशी सांगतात; कोण टिकेल हे सांगत नाहीत.

तिसरा सापळा पदनामाचा. डेंग शियाओपिंग पक्षाचे सरचिटणीस नव्हते, पंतप्रधान नव्हते, राष्ट्राध्यक्षही नव्हते. १९८१ पासून १९८९ पर्यंत त्यांच्याकडे लष्करी आयोगाचे अध्यक्षपद होते, आणि नंतर तेही नव्हते. तरीही १९९२ च्या आरंभी त्यांनी दक्षिणेचा दौरा केला आणि थंडावलेल्या आर्थिक सुधारणांचे चाक पुन्हा फिरले. उलट हुआ ग्वोफंग यांच्याकडे एके काळी सारी पदे होती आणि सत्ता हातातून निसटत होती. पद आणि अधिकार यांतील हे अंतर मोजल्याविना केवळ फलकावरील नावे वाचून काही हाती लागत नाही.

मराठी अभ्यासकांची वाट

या वाचनाची आपली स्वतःची एक परंपरा आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. सामान्य मराठी मनात चीनची दोनच चित्रे आहेत. एक सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे, जे १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर गेले आणि १९४२ मध्ये तेथेच कामी आले. दुसरे १९६२ च्या दग्याचे. एक चित्र प्रेमाचे, दुसरे संतापाचे. ज्ञानाचे त्यांत एकही नाही. परंतु ज्ञानाची वाट चालणारे मराठी लोकही होऊन गेले. वसंत परांजपे यांनी बीजिंगमध्ये राहून चिनी भाषा आत्मसात केली आणि नेहरू १९५४ मध्ये माओंना भेटले तेव्हा दुभाष्याचे काम केले. 'उद्ध्वस्त धर्मशाळा'चे नाटककार म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते गो. पु. देशपांडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनच्या राजकारणाचे प्राध्यापक होते. सांस्कृतिक क्रांतीचा अभ्यास करणाऱ्या माणसाने, डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची चौकशी समितीपुढे होणारी झडती रंगमंचावर आणावी, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. एका नाटकावरून सुरू झालेली क्रांती समजून घेण्यास नाटक जाणणारा अभ्यासकच अधिक लायक. विजय गोखले १९८९ मध्ये बीजिंगच्या आपल्या वकिलातीत तरुण अधिकारी होते; पुढे ते तेथे राजदूत आणि नंतर परराष्ट्र सचिव झाले. तिआनमेन चौकातील घटनांवर त्यांनी २०२१ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात रस्त्यावरच्या आंदोलनाइतकेच पक्षाच्या शिखरावरील ताणतणावांना स्थान आहे.

या तिघांत समान काय आहे? तिघांनीही आधी भाषा शिकली, मग मत बनवले. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला, त्याने पुलकेशीच्या राज्याचे आणि येथल्या लोकांच्या मानी स्वभावाचे वर्णन केले, डोंगरात कोरलेल्या एका विहाराची नोंद केली. ते अजिंठाच असावे असे विद्वान मानतात. त्याचे शब्द आजही इतिहासाचे साधन ठरतात, कारण तो संस्कृत शिकला होता आणि आपल्या देशात वर्षानुवर्षे राहिला होता. अजिंठ्याच्या दारात राहणाऱ्या आपण त्याच्या देशाची भाषा शिकण्याची तसदी किती घेतली?

आज काय वाचता येते?

शेवटी पुन्हा जानेवारी २०२६ च्या घटनेकडे वळू आणि ही रीत तिला लावून पाहू. ठाऊक काय आहे? निवेदनाची तारीख, दोन नावे, आणि दुसऱ्याच दिवशी लष्कराच्या मुखपत्राने केलेला हा आरोप की या दोघांनी आयोगाच्या अध्यक्षांच्या अंतिम जबाबदारीची पद्धती पायदळी तुडवली. यावरून अनुमान काय निघते? भ्रष्टाचाराचा उल्लेख असला तरी दोषाचा रोख राजकीय आहे. प्रश्न आज्ञेचा आणि निष्ठेचा आहे. २०२३ मध्ये पदावरून गेलेले संरक्षणमंत्री ली शांगफू आणि त्यांच्या आधीचे वेइ फंगह यांची जून २०२४ मध्ये पक्षातून हकालपट्टी झाली. तिच्याशी हे जुळते. निव्वळ तर्क कोणते? अण्वस्त्रांची गुपिते फोडल्याचा आरोप एका अमेरिकी पत्राने छापला. गोळीबाराच्या कहाण्याही फिरल्या. त्यांना दुजोरा देणारी दुसरी खूण पुढे येत नाही तोवर त्यांना अफवेच्याच रकान्यात ठेवणे इष्ट.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागू शकतो. सेनापतींची घडी विस्कटलेली असताना मोठी मोहीम हाती घेणे कठीण, असे म्हणता येते. उलट, व्हिएतनामच्या सीमेवर प्रत्यक्ष लढलेला आणि 'हे जमणार नाही' असे तोंडावर सांगू शकणारा सेनानी बाजूला झाल्यावर एकट्या माणसाच्या चुकीच्या निर्णयाला आवर कोण घालणार, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. १९५९ मध्ये पेंग देहुआई गेल्यावर माओंना खरे सांगणारे कमी झाले होते, हे विसरता येत नाही. दोहोंपैकी कोणता अर्थ खरा, हे आज ठरविण्याइतका पुरावा नाही आणि तसे म्हणण्यात कमीपणा नाही.

पक्षाचे एकविसावे अधिवेशन २०२७ मध्ये अपेक्षित आहे. त्याच्या सुमारास वाचकांनी एक गोष्ट पाहावी : लष्करी आयोगाचा उपाध्यक्ष म्हणून कोणी बिनलष्करी नेता नेमला जातो का? हू जिंताओ यांना ते पद १९९९ मध्ये मिळाले आणि २००२ मध्ये ते सरचिटणीस झाले. शी यांना ते २०१० मध्ये मिळाले आणि २०१२ मध्ये ते सर्वोच्च पदी गेले. वारसाची ही जुनी आणि भरवशाची खूण आहे. ती दिसली नाही, तर वारसाचा प्रश्न अद्याप खुला आहे एवढे निश्चित म्हणता येईल. परिषदेतील एका गैरहजेरीपेक्षा ही एक नेमणूक अधिक सांगून जाईल.

आपल्या विद्यापीठांनी काय करावे हे यातून उघड आहे. शहरागणिक मोठ्या संस्था काढण्याची गरज नाही. प्रत्येक विद्यापीठातून दरवर्षी चार-पाच विद्यार्थी चिनी भाषा वाचण्याइतकी शिकून बाहेर पडले आणि त्यांना राज्यशास्त्राची वा अर्थशास्त्राची जोड मिळाली, तरी वीस वर्षांत मराठीत चीनविषयी स्वतःच्या डोळ्यांनी वाचणारी एक पिढी उभी राहील. वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी अफवा छापायचीच असेल तर ती अफवा म्हणून छापावी, आणि खोटी ठरल्यावर तेवढ्याच ठळकपणे तसे सांगावे. यशवंतरावांनी १९६३ मध्ये संसदेला जे सांगितले, ते आपल्या काळातील कोणत्याही संरक्षणमंत्र्याला पुन्हा सांगण्याची पाळी येऊ नये. त्यासाठी लागणारी तयारी शांततेच्या काळात, वर्गखोल्यांत आणि ग्रंथालयांत करावी लागते. सीमेवर गोळी सुटल्यावर ती करता येत नाही.